बुंदीत निघालेला स्क्रू

तलवाडा, मंगळवार

तीर्थरूप अक्का,

तुझ्या ताराचा घाटनांदूरकडे तोंड करून वाकून नमस्कार. तुझे गुडघे आणि भाऊजींचा खोकला आता उतारावर असेल. माझं म्हणशील तर वैजनाथाच्या कृपेने सगळं ठीक आहे, फक्त दाढ नाही.

ह्यांनी दोन बोकडं विकून मला इम्प्लांट बसवून दिलं, हे तुला ठाऊकच आहे. (लग्नात नथ दिली नाही. दिला तो स्क्रू, तोही पन्नाशीनंतर.) तालुक्याचा दातांचा डॉक्टर अगदी पोरगेलासा. म्हणाला, साखर वाढलेली असली की हाड स्क्रूला धरत नाही, हिरडी चिघळते. आवरलेली असली तर बसतो. तीन महिने मोजून लिहा. मी मॅट्रिक झालेली बाई, घरातलं दूध-दाणे लिहिते, तशी साखरही लिहिली. वही बघून तो खूश! तरी तीन महिन्यांच्या सरासरीची रक्ततपासणी करा म्हणाला. मी म्हटलं, वही असताना रक्त कशाला वाया घालवायचं? बिचाऱ्याने ऐकलं आणि स्क्रू पिळला. त्या स्क्रूवर दाढ चार महिन्यांनी लावायची होती.

दोन महिन्यांत हिरडी सुजली, पू आला. मी हळद-मिठाच्या गुळण्या केल्या आणि कोणाला बोलले नाही. मग सप्ताहाच्या काल्याची पंगत. बुंदीचा घास घेतला आणि स्क्रू जिभेवर! हळूच पत्रावळीच्या कडेला ठेवला, तर शेजारची कडूबाई ओरडली, "आगं बया, बुंदीत स्क्रू! माणसं मारायची हायेत का?" म्हाळू आचारी धावत आला. एकेक कढई उलटी करून त्याने कड्यांचे स्क्रू तपासले आणि पंगतीपुढे हात जोडले, "चूक झाली माय, पर कुठला निघाला तेच गावंना." मी मान खाली घालून दुसऱ्या बाजूने जेवत राहिले.

घरी हे म्हणाले, "दोन बोकडं थुकलीस की गं." एवढंच. तेव्हापासून जेवताना माझ्याकडे बघत नाहीत. डॉक्टर मात्र पांढराफटक पडला. "मावशी, तुमची साखर इतकी चांगली, म्हणजे माझंच चुकलं. दुसरा फुकट बसवतो." आजकालच्या पोरांच्या हाताला वळणच नाही, हे मी आळीभर सांगून आले.

लोभ आहेच, तो राहू दे.

तुझी,
तारा

ता. क. वहीचं सांगायचं राहिलं. पट्ट्या महाग, म्हणून रोज मोजत नव्हते. सोमवारी आणि एकादशीला, निरंकार उपवासाच्या संध्याकाळीच मोजायची. देवाचा दिवस, आकडाही शुभ यायचा. एकदा मधल्या दिवशी मोजली, तर दोनशे ऐंशी. मशीन बिघडलं म्हणून लिहिली नाही.

आणखी ता. क. म्हाळूला शेजारच्या गावच्या सप्ताहाचं काम नाकारलं. प्रसादात लोखंड घालणारा आचारी म्हणून. तेव्हा अक्का, तू ये. आधी म्हाळूच्या दारी जाऊ, मग वही घेऊन डॉक्टरकडे. एकटीचा पाय निघत नाही. फक्त सोमवारी येऊ नकोस. सोमवारी माझी साखर चांगली असते, आणि मग मला वहीच खरी वाटते.