आरतीनंतरची जाहिरात

सर, गेल्या रविवारी सकाळी मी घरची पूजा आटोपली, गाडीवरचा बर्फ झाडला आणि स्कारबरो उपनगरातल्या टीव्ही स्टुडिओत जाऊन मराठी कार्यक्रमाच्या सुरुवातीला नेहमीप्रमाणे गणपतीची आरती लावली. आरती संपली की ज्योतिषीबुवांची जाहिरात येते, 'असाध्य रोगावर हमखास उपाय'. कार्यक्रम त्यांच्याच पैशावर चालतो. ती लागली की मी खाली बघतो. तेवढ्यात एका काकूंचा फोन आला. "अहो, यांना त्या बुवांकडे नेलं होतं. इन्सुलिन बंद करा म्हणतात. करू ना?" मी घाबरून म्हटलं, "काकू, मुळीच नको!" "मग आरतीला लागून दाखवता कशाला हो?"

मी खेड्यातल्या शाळेत शिकलेला, अडखळत इंग्रजी बोलणारा. तुमच्या टीव्ही स्टेशनवर वायरी गुंडाळायचो, आणि हा कार्यक्रम तुम्हीच माझ्या हाती दिलात. त्याआधी अमेरिकेत तुम्ही भाड्याच्या खोलीतून काळ्या लोकांसाठी चॅनेल काढलं होतं. ते विकून इकडे आलात, आपल्या शहराची बास्केटबॉल टीम घेतलीत, तिचे पहिले काळे मालक झालात. एकदा गाडीत सांगताय, पहिल्याच मॅचला मालकाच्या खुर्चीत बसलात तर दारावरच्या माणसानं तिकीट मागितलं. "मग?" "मग काय, खिसे चाचपले. तिकीट नव्हतंच!" आपण पोट धरून हसतो. मग तुम्ही म्हणता, पगार निघावेत म्हणून चॅनेलवर चमत्कारी तेलवाले बसवले होते. आई म्हणायची, आपलीच माणसं तुझ्याकडे बघून ते तेल घेतात. "मग काढलंत त्यांना?" "नाही. चॅनेल विकेपर्यंत ते होते."

आठवडाभर हेच डोक्यात. जाहिरात काढली तर कार्यक्रम बंद, आणि मुलांच्या घरी तळघरात राहणारी कितीतरी म्हातारी माणसं रविवारची वाट बघत असतात. माझी मुलगी म्हणाली, "बाबा, जस्ट ड्रॉप इट. ते यूट्यूब बघतील." त्यांना ते लावून कोण देणार? देवापुढे बसलो तरी सुटका नव्हती.

तुम्ही आता या जगात नाही, हे पत्र कुठे टाकायचं नाहीच. तुम्हाला मराठी येत नव्हतं, म्हणून तर एवढं लिहू शकलो. तेलवाल्यांबद्दल तुमचं चुकलं, असं इंग्रजीत तुमच्या तोंडावर म्हणायची माझी कधी हिंमत झाली नसती. काल बुवांना जाहिरात नको म्हणून कळवलं. ते ओरडले, "तुमचा कार्यक्रम बुडणार!" आज तो शेवटचा झाला. जाहिरातीच्या वेळेत मीच कॅमेऱ्यासमोर बसलो आणि सांगितलं, त्या बुवांकडे जाऊ नका, औषधं बंद करू नका.