नियमावली आणि शेवंताबाईंचा चहा

गुरुवार, संध्याकाळ

विद्यापीठाच्या मानसशास्त्र प्रयोगशाळेने आज माझा चहा तोडला; हा घोर अन्याय इथे नोंदवून ठेवते. नवी नियमावली म्हणते, मुलाखत देणाऱ्याच्या घरी काही खायचं-प्यायचं नाही. निष्कर्ष बिघडतात म्हणे!

सिहोरा गावात आज ज्यांची मुलाखत होती, त्या शेवंताबाईंनी ओसरीवर चहाचा कप पुढे केला. मी नियम सांगितला. त्यांनी भिंतीवरच्या बुद्धाकडे पाहिलं.

“तुमच्या आजीलेबी आमच्या घरचं पाणी चालत नोहोतं, मॅडम. तवा कागद नोहोता, येवढंच.”

आणि मुलाखतीचा विषय काय, तर अपमानाचे मनावर होणारे परिणाम.

मुलाखत उरकून बसथांब्यापर्यंत गेले. तो कप डोळ्यांपुढून हलेना. परत फिरले.

“बाई, चहा द्या.”

“थंडा झाला तो.”

“तोच द्या.”

साय धरलेला चहा त्यांच्या चुलीपाशी बसून संपवला. कप मीच विसळला.