घासलेला तांब्या

अहो,

सादर नमस्कार. देवाच्या कृपेने इकडे लेकीच्या घरी आम्ही खुशाल. नात आता पालथी पडते.

‘या वयात कसली चित्रं?’ म्हणून हसला होतात ना? फोनवर सांगितलं तर पुन्हा हसाल, म्हणून लिहिते.

तैलचित्राच्या वर्गात आम्ही साऱ्याजणी महिनाभर एक काळवंडलेला तांब्या रंगवत होतो. एक पातळ थर द्यायचा, आठवडाभर वाळू द्यायचा, मग पुढचा. सोमवारी मी लवकर पोचले. तांब्याची अवकळा बघवेना, म्हणून लिंबू-मीठ लावून लख्ख घासून ठेवला!

“काकू, काय केलंत हे? सगळ्यांची चित्रं गेली!” वर्गात शेजारी बसणारी ओरडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. वाटलं, आता नाव कमी करतात.

शिकवणाऱ्या बाई मात्र म्हणाल्या, “खालचा काळा थर वाळलाय, तो कुठे जातोय? त्यावर तेलात पातळ केलेला तांबूस रंग चढवा. काकू, घासलात तुम्ही, सुरुवातही तुम्हीच करा.”

घासलेल्या तांब्याला चमक कुठे येते, हे माझ्या हाताला पाठ. काळ्यावरून तांबूस चढला आणि तांब्या जिवंत झाला हो! तीच शेजारची विचारू लागली, “काकू, पांढरा ठिपका नेमका कुठे देऊ?”

गोळ्या वेळेवर घेता ना? नुसत्या चहावर भागवू नका.

चित्र पुरतं वाळायला सहा महिने लागतात, तोवर पोस्टाने पाठवता येत नाही. तेव्हा तुम्हीच या बघायला. मात्र बोट लावायचं नाही.

तुमची,
घरची मालकीण