मापाच्या वहीतला सुळा

प्रिय ताडमाडे,

आधी जेव, मग वाच. उपाशीपोटी वाचत बसायची खोड तुला माझीच लागली आहे.

तुझ्या जन्माचा एकही कागद नाही, म्हणून वय ठरेपर्यंत बालकल्याण समितीने तुला माझ्याकडून त्या वसतिगृहात नेलं. तपासणीच्या दिवशीचा घोळ मात्र माझा. अंबाडा घालू नकोस, गुडघे जरा वाकव, हे मीच शिकवलं होतं. डॉक्टरीणबाईंनी तुझ्या टाचा भिंतीला लावल्या आणि नंतर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, काकू, वाकून वय कमी होत असतं तर मीच नसते का वाकले?

दात मोजले, मनगटाचा एक्स-रे झाला, आणि अहवाल आला : सोळा ते अठरा. चपलेचं माप तरी याहून नेमकं सांगतात! समितीचे साहेब म्हणाले, एवढी उंच मुलगी, अठराच धरू. अठरा म्हणजे तू मोकळी, तुझं तू बघायचं, पालक म्हणून तुला माझ्याकडे सोपवायचा प्रश्नच मिटला. मी म्हटलं, मला साठीतही अक्कलदाढ आलेली नाही, मग मला सोळाची धरता का? सगळं ऑफिस हसलं, साहेब सोडून.

घरी येऊन काकांच्या शिवणयंत्राचा खण उघडला. ते गेल्यापासून दीड वर्षात हात लावला नव्हता. आत त्यांची गिऱ्हाइकांच्या मापांची वही. चार वर्षांपूर्वी तू आमच्याकडे आलीस त्या दिवशी गणवेशासाठी घेतलेलं माप, खांदा, छाती, उंची, आणि खाली बारीक अक्षरात : 'वरचा दुधाचा सुळा आज पडला. रडली नाही. याचंही माप घ्या म्हणाली. पाव इंच.'

डॉक्टरीणबाईंनी ती ओळ तीनदा वाचली. तो सुळा बहुधा अकराव्या-बाराव्या वर्षी पडतो म्हणाल्या. त्यात चार मिळव. दोन्हीकडून सोळाच जुळलं. साहेबांनी विचारलं, हे शिंपी दातांचंही माप घ्यायचे? म्हटलं, गिऱ्हाईक मागेल त्याचं घ्यायचे.

आता कबुली देते, त्यासाठीच हे पत्र. दाखल्यावर जन्माचा दिवस लिहायचा होता. तुला न विचारता मी त्या मापाचा दिवस सांगून आले. नको असेल तर बदलू, साहेबांशी भांडायची मला आता सवय झाली आहे. वहीत तुझं शेवटचं माप काका जायच्या आधीच्या महिन्यातलं आहे. पुढची ओळ रिकामी आहे. तुला माझ्याकडे सोपवायच्या कागदावर साहेबांची सही झाली आहे, गुरुवारी न्यायला येते. घरी आलीस की भिंतीला टाचा लावून उभी राहा, आणि या खेपेला गुडघे वाकवू नकोस.

तुझीच,
टेप शोधून ठेवलेली
काकू