कॅप्टन डोडझी घरी येतो

अक्रा,
९ सप्टेंबर

पोमा यांस,
सप्रेम नमस्कार.

तुम्ही आणि कुमासीतली तुमची मंडळी खुशाल असाल. आमच्याकडे ठीक चाललंय. स्टुडिओतली वीज सारखी जाते आणि जनरेटर लावला की त्याच्या घरघरीत कुणाचा आवाज मुद्रित करता येत नाही, त्यामुळे निम्मा दिवस सगळे व्हरांड्यात तळलेल्या केळ्यांचं तिखट केळेवेळे खात बसलेले असतात. तुम्ही औषधांच्या दुकानात काम करता असं कळलं. तिथे निदान काम वेळेवर सुटत असेल.

मिस्टर लॅम्प्टी आमचे निर्माते. 'बुडालेलं गाव' या माझ्या कार्टून मालिकेचे पुढचे भाग लिहायला त्यांनी तुम्हाला विचारलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "जिची मालिका आहे तिने बोलावलं तर येईन." त्यांनी मला हे मोठ्या कौतुकाने ऐकवलं. "बघ, पोरीला किती जाण आहे." मी हसले. तर हे पत्र म्हणजे ते बोलावणं. या.

खरं तर इथेच सही करायची होती. लॅम्प्टींनी तेवढंच सांगितलं होतं.

पण येणारच आहात तर कामाचं थोडं बोलून ठेवते. माझ्या कॅप्टन डोडझीवर तुम्ही इंटरनेटवरच्या तुमच्या पानावर चित्रकथा काढता, तिच्यात तो बूट घालतो. व्होल्टा सरोवरावर कुठलाच होडीवाला बूट घालत नाही, पाय ओले ते ओलेच. मक्याच्या पिठाचे अबोलो तळत नाहीत, वाफवतात. आणि तुमच्या चित्रांत धरणाच्या पाण्यात बुडालेल्या झाडांची खोडं सगळी सरळ उभी असतात, शाळेतल्या रांगेसारखी. खरी तशी नसतात. अर्धी तर पाण्याखालीच असतात, दिसतही नाहीत. म्हणून तर माणसं मरतात.

गेल्या वर्षी मालिकेत कॅप्टनची होडी तशाच एका खोडावर आपटली आणि तो गेला, त्यानंतर काय झालं ते तुम्हाला मी काय सांगणार. त्यातलं निम्मं तुमच्याच पानावर झालं. "कॅप्टनला परत आणा" म्हणून सह्या गोळा झाल्या. मी मूळ कथा चोरली, मला पोरांचा तिटकारा आहे, मला नवऱ्याने टाकलं म्हणून मी पुरुष पात्रं मारते, असं सगळं लिहून झालं. चाहत्यांच्या मेळाव्यात मी टेबल मांडून बसले होते. एक बाई मुलीला घेऊन आली, कॅप्टनचं चित्र पुढे ठेवलं आणि म्हणाली, "सही नको. इथे फक्त 'माफ करा' लिहा." मी सही केली. तिने ते चित्र माझ्यासमोर चार तुकडे करून टेबलावर ठेवलं. ते चित्र तुम्ही काढलेलं होतं. चांगलं होतं.

तुमची चित्रकथा मी वाचत नाही, असं मी मुलाखतीत सांगितलं होतं. तुम्ही ते ऐकलं असणार.

माझी मुलगी मकाफुई नऊ वर्षांची आहे. एकदा मी भात वाढत होते आणि ती टेबलाखाली फोन धरून खुदुखुदु हसत होती. काय गं, म्हटलं, तर फोन लपवला. मी हिसकावून घेतला. तुमचा कॅप्टन ओल्या सदऱ्याने दारात उभा होता आणि विचारत होता, "सूप उरलंय का?"

"आपल्या घरात आईची मालिका सोडून हे?" मी विचारलं.

"तुझ्यातला बुडतो," ती म्हणाली. "हिच्यातला घरी येतो."

मग चमचा उचलून जेवायला लागली. माझ्याकडे बघितलंही नाही. त्या क्षणी तुम्ही समोर असतात तर मी तुमच्या अंगावर ते भाताचं पातेलं ओतलं असतं. हे मी लॅम्प्टींना सांगितलेलं नाही.

त्याच आठवड्यात माझ्या आईचा फोन आला. ती सरोवराकाठी टोर्कोरच्या धक्क्यावर तळलेले मासे विकते. गिऱ्हाइकांसाठी पाटीवर नंबर लिहिला आहे, तो कुणीतरी शोधून काढला आणि तिला आमच्या एवे भाषेत बोलून निरोप पाठवला, "आई, तुझ्या मुलीने कॅप्टनला पाण्यात मारलं. लाज नाही वाटत?" आई मालिका बघत नाही. कार्टून पोरांसाठी असतं म्हणते. तिने मला विचारलं, "एन्यो, ही कोण माणसं? यांना आपला यायरा कसा माहीत? आणि तू कशी मारशील त्याला? तू तर तेव्हा अक्र्याला होतीस."

मी फोन टेबलावर ठेवला. ती फोनवर हॅलो, हॅलो करत राहिली.

यायरा माझा थोरला भाऊ. आम्ही थोरल्या भावाला एफो म्हणतो. एफो यायरा होडी चालवायचा, धक्क्यावर सगळे त्याला कॅप्टनच म्हणायचे. मी शाळेत कागदावर होड्या काढायचे तेव्हापासून तो म्हणायचा, "मला काढ, पण देखणा काढ." मालिका ठरली तेव्हा मी त्याला देखणा काढला, डोडझी नाव दिलं. त्याने पहिला भाग धक्क्यावर सगळ्यांना बोलावून दाखवला. आईला तेवढं बोलावलं नाही. म्हणाला, शेवटी एकदम दाखवू. पुढचे भाग तयार होत असतानाच तो गेला. मी ते कुठेही सांगितलं नाही. लोक हळहळतील आणि हळहळून मालिका बघतील, ते मला नको होतं. आणि तो नसताना पडद्यावर दर आठवड्याला त्याने हसत होडी वल्हवावी, तेही मला सोसेना. म्हणून तो बुडाला तसा मी त्याला बुडवला. अगदी तसाच. मला दुसरं काही सुचलं नाही.

तुम्हाला सुचलं.

आईला आलेल्या निरोपाचं तुम्हाला कळलं, आणि तुम्ही त्याच दिवशी पानावर लिहिलंत, "तिच्या घरच्यांना हात लावाल तर मी लिहिणं बंद करीन." लगेच सगळे गप्प झाले. मी दोन महिने विनवत होते, माझं कुणी ऐकलं नव्हतं. मी तुमचे आभार मानायला हवे होते. मी त्या दिवशी तुम्हाला मनातल्या मनात किती शिव्या दिल्या ते विचारू नका.

मग मी तुमचं सगळं वाचलं. तुमचा कॅप्टन धक्का सोडण्याआधी उतारू मोजतो आणि स्वतःला मोजायचं विसरतो, आणि पोरं ओरडतात, "एक कमी, कॅप्टन!" पोमा, हे मालिकेत कुठेच नाही. एफो हे करायचा. रोज करायचा. मी त्याची सख्खी बहीण, आणि इतकी वर्षं त्याला रंगवत असताना मला ते आठवलं नाही. होडी फुटली त्या दिवशी त्याने एकेकाला खोडांना धरायला लावलं, मोजलं, सगळे आहेत म्हणाला. वाचलेल्या एका म्हातारीने आईला हे सांगितलं. तू कुमासीत औषधाच्या बाटल्यांमध्ये बसून हे कुठून आणलंस?

मला तुझा हेवा वाटतो. लोक तुझ्यामागे आहेत त्याचा थोडा. मकाफुई तुझं वाचून हसते त्याचा बराच. पण तू त्याला कधी पाहिलं नाहीस, त्याच्यासाठी रडली नाहीस, आणि तुझ्या हातून तो दारात येऊन सूप मागतो, याचा मला इतका हेवा वाटतो की मी तुला बोलवायचं नाही असं ठरवलं होतं. लॅम्प्टींना खोटं सांगणार होते की पत्र पाठवलं, उत्तर आलं नाही.

आईला मग मी टोर्कोरला जाऊन सगळं सांगितलं, तुझंही. तिने कढईतले मासे उलटले. मग म्हणाली, "त्या मुलीला म्हणावं, त्याला सूप गार आवडायचं नाही." तिच्यामुळे हे पत्र तुझ्यापर्यंत येतंय. माझ्या मोठेपणामुळे नाही, हे लक्षात असू दे.

तर ये. खिडकीजवळचं टेबल माझं आहे, ते मिळणार नाही. मी तुझ्या लिहिण्यात चुका काढीन. त्यातल्या काही खऱ्या असतील, काही निव्वळ जळफळाटाच्या. कुठल्या कुठल्या, ते तूच ओळखायचं. आणि तो घरी येतो तो भाग मला आधी दाखवू नकोस. पानही नको, चित्रही नको. तो लागेल त्या दिवशी मी टोर्कोरला आईशेजारी बसून बघणार आहे, बाकी सगळ्यांसारखी, पुढे काय होणार हे माहीत नसताना.

बूट मात्र काढ त्याचे.

एफो यायराची धाकटी बहीण,
एन्योनाम