खालचं पांघरूण

४ जानेवारी, रविवार
जेवण झाल्यावर लेकीने विषय काढला. तिचा तो रविवारचा भटक्या लोकांचा क्लब महिनाअखेर चार दिवस जंगलात चालणार. झोपायचं दोन झाडांना बांधलेल्या हॅमॉकमध्ये, म्हणजे कापडी झोळीत. एक जागा शिल्लक आहे. मी किंवा तिचा मामा. सतराला तळ्याकाठी एका रात्रीचा सराव. जो रात्रभर नीट झोपेल तो जाईल.
आठ वर्षांत तिने मला प्रथमच कुठे बोलावलं. आठ वर्षांपूर्वी मी तिला टेकडीवर नेलं होतं, तेव्हा वाट चुकलो असा एक गैरसमज घरात रूढ आहे. वाट चुकली नव्हती. बदलली होती.
मेहुण्याने बदकाच्या पिसांच्या दोन रजया विकतच घेतल्या, एक वर, एक खाली. एवढी पिसं अंगावर घेतल्यावर माणसाने उडायला हवं. हा घोरतो. आजपासून या वहीत त्याचं नाव बदक.
खाली रजई कशाला, ते लेकीने समजावलं. हॅमॉकचं कापड पातळ, खालून वारा, आणि अंगाखाली जे घ्याल ते वजनाने चेपतं, मग ऊब राहत नाही. म्हणून एक रजई बाहेरून, हॅमॉकच्या पोटाखाली टांगायची. अंडरक्विल्ट. मला हे माहीत होतंच. फक्त ऐकलं नव्हतं.
संकल्प : विकतची घेणार नाही. परवडणारी, स्वतः आखलेली, बदकाला लाजवणारी.

६ जानेवारी
जेवणाच्या सुट्टीत ऑफिसात ड्रॉइंग काढलं. एकास दहा. पाणीपुरवठ्याचे नकाशे काढण्यात सव्वीस वर्षं गेली. एक रजई म्हणजे काय? साहेबांनी मागून येऊन विचारलं, ही कुठली लाइन? मुख्य वाहिनी, म्हणालो. मान हलवून गेले. या माणसाच्या सहीने शहर पाणी पितं.
इंटरनेटवर तयार रजयाही पाहिल्या. प्रत्येकीला तीन तापमानं : कम्फर्ट, लिमिट, एक्स्ट्रीम. म्हणजे सुखाने झोपाल, झोपाल, आणि सकाळी सापडलात तर बघू.

८ जानेवारी
ड्रॉइंग घेऊन गादीवाल्याकडे. त्याने कागद उलटा धरला. सरळ करून दिला, तर पुन्हा उलटा केला. मग एकच प्रश्न विचारला : साहेब, अंथरायची की पांघरायची?
असले प्रश्न अडाणी माणसंच विचारतात. अंडर म्हणजे खाली. खाली असतं ते अंथरूण. अंथरायची, असं ठणकावून सांगितलं. मग टाके जवळ जवळ आणि दाबून घालतो, म्हणाला, सरकणार नाही. मजबूत कर, म्हणालो. उगाच एवढंसं तोंड करून म्हणाला, झाडाला टांगणार म्हणता आणि अंथरायची म्हणता. मी म्हटलं, तू टाके घाल.

११ जानेवारी, रविवार, दुपारी ३
रजई आली. तपकिरी, भक्कम. घरापर्यंत आणताना दोनदा खाली ठेवावी लागली. बदकाची म्हणे मुठीत मावते. मुठीत मावणाऱ्या वस्तूवर माझा कधीच विश्वास नव्हता.
गॅलरीत हॅमॉक बांधून खाली रजई टांगली. दुपारी दोन ते तीन, तासभर चाचणी. पाठ अत्यंत उबदार. चाचणी यशस्वी अशी नोंद केली. बायको म्हणाली, अहो, ऊन आहे. वैज्ञानिक दृष्टी नसलेल्या माणसांबरोबर संसार करणं ही एक वेगळीच चाचणी.

१३ जानेवारी
अॅडजस्टमेंट. रजई वजनाने मध्ये लोंबते. बायकोने हॅमॉक आणि रजईच्या फटीत हात घातला, कोपरापर्यंत गेला. यातून मांजर जाईल, म्हणाली. आमच्याकडे मांजर नाही हे निदर्शनास आणून दिलं.
परकराच्या नाडीसारखं जाड इलास्टिक दोन्ही टोकांना ओवून ताणलं. रजई चिकटली, पण मीच विळ्यासारखा दुमडलो. गुडघे नाकाशी. थोडं सैल केलं, फट परत. पुन्हा ताणलं, पुन्हा विळा. म्हणजे विळा आणि फट यांच्या मधोमध योग्य जागा आहे हे सिद्ध झालं. सापडायची आहे.
लेक घरी आल्यावर तिने रजईवर तळहात दाबून उचलला. बाबा, ही फुगतच नाही, म्हणाली. ऊब कापसात नसते, आत अडकलेल्या हवेत असते. क्लबातली मुलं जुनी स्लीपिंग बॅग उसवून खाली टांगतात, तुला देऊ का आणून एक? जुनी झोपायची पिशवी! ज्यात कोणकोण घोरून गेलंय! नको म्हणालो. बरं, म्हणाली. तिचं 'बरं' आईवर गेलंय.

१५ जानेवारी
वरची रजई. हा सोपा भाग. घरातलंच ब्लँकेट घेऊन पायाकडे पिशवीसारखं शिवायचं, म्हणजे पाय उघडे पडत नाहीत. माप अचूक यावं म्हणून पाय आत ठेवूनच शिवलं. शिवण उत्कृष्ट. मोजाही आत शिवला गेला. बायकोने कात्रीने सोडवलं. सोडवताना ती जे हसली त्याची नोंद करत नाही.
विळा आणि फट यांच्यामधली जागा : उद्या शोधणार.

१६ जानेवारी
ऑफिसात काम निघालं. तळ्याकाठीच शोधू. तिथे झाडंही खरी असतील.

१७ जानेवारी, शनिवार, रात्री १०
तळ्याकाठी. एकूण तेरा माणसं. बदकाने चार मिनिटांत सगळं बांधलं आणि शीळ घालत फिरला. मला चाळीस मिनिटं लागली. घाईने बांधलेली वस्तू मला कधीच आवडली नाही. भावजी, हात लावू का, असं त्याने तीनदा विचारलं. तिन्ही वेळा मी झाडाकडे पाहिलं.
जेवताना जाहीर केलं की उद्या सकाळी चहाच्या वेळी परवडणाऱ्या रजईवर दहा मिनिटं मार्गदर्शन करेन. लेक म्हणाली, आधी झोपून तर बघ. सगळे हसले. तरुण पिढीला पूर्वतयारी कळत नाही.
थर्मामीटर सहा अंशांवर. हॅमॉकमधूनच लिहितोय. पाठीला किंचित गारवा. ताजेपणा म्हणता येईल.

१८ जानेवारी, रविवार, सकाळी ७
विजय!
सुरुवातीला ताजेपणा जरा जास्त झाला होता. मग झोप लागली ती थेट आत्ता जाग. पाठ भाकरीसारखी भाजून निघाली आहे. घाम आला, घाम! रात्रीत माझ्या वजनाने सगळं आपोआप अॅडजस्ट झालं असणार. चांगलं डिझाइन असंच असतं, स्वतःची जागा स्वतः शोधतं.
न उतरताच मुद्दे काढले. एक : मजबुती. दोन : दाट टाके. तीन : बदकांना जगू द्या. जागा माझी. चार दिवस!

तोच दिवस, दुपारी, परतताना बसमध्ये
थोडक्यात लिहितो.
कपबश्या हातात घेऊन सगळे जमले. मजबुती सांगितली. टाके सांगितले. मग म्हणालो, आता वाका आणि खाली बघा. सगळे वाकले. मीही वाकलो.
खाली हिरवी रजई होती. क्लबची पट्टी लावलेली, फुगलेली, हलकी. लेकीची.
लेक स्टोव्हजवळ माझी तपकिरी गुंडाळून बसली होती. नाक लाल, ओठ पांढरे. खालून रजई बदलली तरी तुला कळलं नाही, म्हणाली. बोलली म्हणजे घशातून नुसती हवा आली. तीन झाडांपलीकडे तुझे दात ऐकू येत होते, बाबा. मामा ढाराढूर. मग काय करणार?
कोणी हसलं नाही. बदक म्हणाला, भावजी, चहा घ्या, गार होतोय. तो हसला असता तर बरं झालं असतं.
तिसरा मुद्दा वाचला नाही.

१९ जानेवारी
चूक गादीवाल्याची. ऑफिसला जाताना त्याला फैलावर घेतलं. त्याने शांतपणे विचारलं, साहेब, तुम्ही अंथरूण म्हणालात. तिच्यावर एकदा तरी झोपलात का? नाही, टांगली, म्हणालो. मग ते पांघरूण झालं ना, म्हणाला. पाठीचं पांघरूण. तुम्ही पांघरायची म्हणाला असतात तर लांब टाके घातले असते, फुगीर. ते ऐकून दुकानात गिऱ्हाईक म्हणून आलेली एक बाईही मान डोलवत होती. कुठून येतात ही माणसं.

२१ जानेवारी
लेकीला दोन दिवस ताप. आवाज नाही. बायको माझ्याशी बोलते, पण भांड्यांमार्फत.
संध्याकाळी लेकीने हाक मारली. कुजबुजत म्हणाली, तूच चल. रात्रभर नीट झोपेल तो, असं ठरलं होतं. तू झोपलास. मामाही झोपला, पण त्याला मी काहीतरी सांगते. मी म्हटलं, आणि माझी रजई? करू काहीतरी, म्हणाली. काय करशील, विचारलं. त्यावर तिला खोकला आला, आणि बराच वेळ आला.
मला पूर्ण खात्री आहे की टाके उसवून, आत फुंकर घालून, इलास्टिक बदलून ती रजई दोन दिवसांत...
पुढे काही सुचत नाही. चार रात्री आहेत त्या.

२३ जानेवारी
ऑफिसातून मेहुण्याला मीच फोन केला. तूच जा, म्हणालो. का हो भावजी? गुडघा, म्हणालो. त्याने काळजीने विचारलं, कुठला? हा प्रश्न येईल याची तयारी नव्हती. डावा, म्हणालो. आणि लेकीकडे लक्ष ठेव, तिला रात्री आपलं पांघरूण वाटत फिरायची सवय आहे. तो म्हणाला, ठेवतो. बरा माणूस आहे. पिसं सोडली तर.
घरी येऊन बायकोला आणि लेकीला तोच डावा गुडघा सांगितला. लेकीने माझ्या दोन्ही पायांकडे पाहिलं. मग 'बरं' म्हणाली.

२४ जानेवारी, शनिवार
सकाळपासून व्यवस्थित लंगडतो आहे. चहा देताना बायको म्हणाली, अहो, काल डावा होता.