सागरसिंहाचं कूपन

पुणतांबे, ता. ६ जानेवारी १९७३

ती. मार्तंडमामांस नीलांबरीचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे खुशाल. गोदावरीत सध्या वाळू फार आणि पाणी थोडं. 'पराक्रम'चा नवा चित्रकथांचा अंक एस.टी.च्या ड्रायव्हरकाकांच्या हाती पाठवते आहे. एक वर्गणी, दोन घरं. आधी मी वाचायचं, मग तुम्ही, आणि अंकातलं काही कापायचं झालं तर ते शेवटी वाचणाऱ्याने, हा आपला नियम मी पाळला आहे. या वेळी मात्र तो जड गेला. मागच्या जाड पानावर कूपन आहे. 'पंचवीर' पथकात सागरसिंह राहावा की वगळावा, असं संपादकांनी विचारलंय. एका अंकाला एकच मत, तेही ३१ तारखेच्या आत मुंबईला पोचायला हवं. वज्रबाहू डोंगर फोडतो, गगनिका उडते, म्हणून पाण्यातल्या वीराने घरी बसायचं का? तुम्ही 'राहावा'वर खूण करा. तुमच्या भाषणाने सभा हलते, मग एक पेन हलवायला कितीसा वेळ.

मामींना नमस्कार. माझ्यावरची माया निदान या कूपनापुरती वाढवावी.

आपली भाची,
नीलांबरी


केडगाव, ता. १० जानेवारी १९७३

चि. नीलांबरीस मामाचे अनेक आशीर्वाद.

अंक पोचला. दोनदा वाचला आणि मत ठाम झालं. सागरसिंह वगळावा. ज्याचं सामर्थ्य पाण्यात शिरल्यावर सुरू होतं, त्याला या दुष्काळात पथकात ठेवणं म्हणजे चूल पेटलेली नसताना वाढपी नेमणं. त्याला एकदा आपल्या जिल्ह्यात आणून सोड. तो देवमाशाला हाक मारील. ओ कोण देईल? टँकरचा ड्रायव्हर.

मी बोलतो तसा वागतो. गावच्या विहिरीतला गाळ उपसायला पथक नेमायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा चार दणकट गडी घेतले आणि छगन पाणबुड्याचं नाव खोडलं. पाणीच नाही तर पाणबुड्या कशाला? तो आला तसा परत गेला. तत्त्वात ओळखदेख बघायची नसते. सध्या सव्वीस जानेवारीच्या भाषणाची तयारी चालली आहे. सवड होताच फुली मारून कूपन टपालात टाकीन.

या मतापायी आपला लोभ आटू देऊ नकोस. आटायला विहिरी पुष्कळ आहेत.

तुझा मामा,
मार्तंड


पुणतांबे, संक्रांत

ती. मामांस सा. न. वि. वि.

कूपनाचं दुःख आहेच, पण छगनकाकांचं नाव खोडल्याचं वाचून जास्त वाईट वाटलं. तीन वर्षांपूर्वी त्याच विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून, त्यांनीच मला पोहायला शिकवलं. तुम्ही तेव्हा काठावरून सूचना देत होता. त्या आम्हा दोघांनाही पाण्यात ऐकू येत नव्हत्या, म्हणून मी शिकले.

सोबत तिळाच्या वड्या. पहिल्यांदाच मी एकटीने केल्या आहेत. आई म्हणते, पाक जरा पुढे गेला. तिळगूळ घ्या आणि गोड बोला, सागरसिंहाबद्दलसुद्धा.

रागावले असले तरी आपलीच,
नीलांबरी


केडगाव, ता. १९ जानेवारी १९७३

चि. नीलांबरीस अंबिकामामीचे आशीर्वाद.

तुला काही कळवू नये असं मामांनी बजावलंय, म्हणून लगेच लिहायला बसले.

परवा तुझी वडी त्यांच्या कवळीत अशी रुतली की कवळी काढूनच त्यांना विहिरीवर जावं लागलं. खिशात कागद एकच, तुझं कूपन. 'वगळावा'वर शाईची ठसठशीत फुली मारून ते टपालात टाकायला निघाले होते. कवळी त्यातच गुंडाळली आणि वरच्या खिशात ठेवली. मग विहिरीवर ओणवे होऊन गड्यांना सूचना देऊ लागले, आणि पुडी गेली खाली. तळाच्या मधोमध पुरुषभर खोल खड्डा आहे, त्यात गढूळ पाणी. चौघे दणकट गडी कमरेवर हात ठेवून उभे. भाषण आठवड्यावर आणि मामांच्या तोंडून नुसता वारा.

शेवटी मी छगनला बोलावणं धाडलं. तिसऱ्या बुडीला तो पुडी मुठीत घेऊन वर आला. पाणी एवढंसं, मग याला इतका वेळ का लागला, असं मामांनी खुणेनेच विचारलं. छगन म्हणाला की मास्तर, पानी कमी झालं की गाळ लई हुतो, आन् गाळात ताकद चालत न्हाई, दम लागतो. नाव खोडल्याचा विषय त्याने काढलासुद्धा नाही. मामा घरी येईपर्यंत गप्प होते. कवळी लावल्यावरही गप्पच राहिले, तेव्हा मात्र मला काळजी वाटली.

कूपन मी तव्यावर वाळवलं. शाई पार धुऊन गेली, छापील अक्षरं शाबूत. ते कोरं कूपन आज त्यांच्या ताटाशेजारी ठेवलंय. बघू.

हे पत्र जपून ठेव, म्हणजे लपवून.

तुझी मामी


केडगाव, ता. २७ जानेवारी १९७३

चि. नीलांबरीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या मामीने काहीही लिहिलं असो, अधिकृत मजकूर हा. कूपन वीस तारखेलाच मुंबईला गेलं. खूण 'राहावा'वर आहे आणि ती मी केली. जेवणाआधी केली, म्हणजे उपासमारीची धमकी होती असं कोणी म्हणायला नको. मी वादात हरलो, आणि हरलेल्या माणसाने मत बदलावं, हेही तत्त्वच आहे. छगनचं नाव पथकाच्या यादीत आता पहिलं आहे. त्याने अट एकच घातली: विहिरीपाशी मास्तरांनी तोंड मिटून उभं राहायचं.

काल भाषणाचा शेवट मी त्याच्याच, गाळात ताकद चालत नाही, दम लागतो, या वाक्याने केला. मंडप टाळ्यांनी दणाणला. वाक्य माझंच आहे असं लोकांना वाटू द्यावं, असा मोह क्षणभर झाला. पण छगन पहिल्या रांगेत बसला होता आणि माझ्या दातांकडे बघत होता. नाव सांगावं लागलं. त्याला माझ्याहून जास्त टाळ्या पडल्या.

उरलेल्या वड्या मामीने खलबत्त्यात घातल्या आहेत. लोभ आहे तसाच राहू दे. पाक तेवढा पुढच्या वर्षी लवकर उतरव.

तुझा मामा,
मार्तंड